विश्लेषण : चालताना पोटरी दुखते, तरीही डॉक्टर चालायलाच का सांगतात?

दोनशे-तीनशे मीटर चालले की पोटरी आवळून येते. दोन-तीन मिनिटे थांबले की दुखणे जाते. पुन्हा चालू लागले की तेवढ्याच अंतरावर पुन्हा तेच. अनेक घरांत याला ‘वय झाले’ म्हणून सोडून दिले जाते. कोणी तेल लावून चोळते, कोणी कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करते. मात्र या दुखण्यामागे पायांच्या रक्तवाहिन्यांचा आजार असू शकतो, आणि त्यावरील पहिल्या फळीच्या उपचारांमध्ये चालण्याच्या व्यायामाचा समावेश आहे. तोही दुखणे टाळून नव्हे, तर दुखेपर्यंत चालण्याचा. हे उलटे वाटणारे गणित नेमके काय आहे, त्यामागे पुरावा किती आणि ते कोणी करू नये, याचा आढावा.

आजार नेमका कोणता?

हृदयाकडून शरीराच्या भागांना शुद्ध रक्त पोहोचवणाऱ्या वाहिन्यांना धमन्या म्हणतात. या धमन्यांच्या आतील भिंतीवर वर्षानुवर्षे चरबी आणि कॅल्शियमचे थर साचतात व मार्ग अरुंद होतो. हे हृदयाच्या धमन्यांत झाले की हृदयविकार, मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांत झाले की पक्षाघाताचा धोका, आणि पायांच्या धमन्यांत झाले की ‘पेरिफेरल आर्टरी डिसीज’, म्हणजे पीएडी. जगभरात २० कोटींहून अधिक लोकांना हा आजार असल्याचा अंदाज आहे.

चालताना पाय दुखणे आणि थांबल्यावर थांबणे या लक्षणाला वैद्यकीय भाषेत ‘इंटरमिटंट क्लॉडिकेशन’ म्हणतात. लॅटिनमध्ये ‘क्लॉडिकारे’ म्हणजे लंगडणे. अर्थात पीएडी असलेल्या प्रत्येकाला असे ठरावीक दुखणे होतेच असे नाही. काहींना पाय नुसते जड वाटतात, काहींना थकवा येतो. काहींना काहीच जाणवत नाही, कारण त्यांनी नकळत चालणेच कमी केलेले असते.

धोका कोणाला जास्त?

तंबाखू आणि मधुमेह ही दोन सर्वांत मोठी कारणे. त्यानंतर उच्च रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल, मूत्रपिंडाचा जुनाट आजार आणि वाढते वय. साधारण ६५ वर्षांनंतर धोका वाढतो. मधुमेह किंवा धूम्रपानाची सवय असेल तर पन्नाशीतच सावध व्हावे लागते.

भारताच्या दृष्टीने हे दोन्ही आकडे काळजीचे आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंडिआब’ अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात देशातील २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करताना आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण २६.६ टक्के होते. चेन्नईतील शहरी लोकसंख्येच्या एका अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाले, पायांच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराचे प्रमाण ३.२ टक्के, तर मधुमेहींमध्ये ६.३ टक्के आढळले होते.

विडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुण पुरुषांमध्ये दिसणारा ‘बर्जर्स डिसीज’ हा मात्र वेगळा आजार आहे. त्यात चरबीचे थर नसून रक्तवाहिन्यांना सूज येऊन त्या बंद होतात. तिथे तंबाखू पूर्णपणे सोडणे हाच उपचाराचा गाभा असतो.

दुखणे चालतानाच का होते?

सोसायटीच्या पाण्याच्या पाइपचे उदाहरण घेता येईल. पाइपमध्ये गाळ साचला तरी रात्री, सगळे नळ बंद असताना, वरच्या मजल्यापर्यंत पाणी व्यवस्थित चढते. सकाळी सगळ्यांनी एकदम नळ सोडले की मात्र वरच्या मजल्यावर धार लागत नाही. पायांचेही तसेच आहे. बसलेले असताना पोटरीच्या स्नायूंना रक्त कमी लागते. अरुंद धमनीतूनही ते भागते. चालू लागले की स्नायूंची ऑक्सिजनची गरज अनेक पटींनी वाढते, पण अरुंद वाहिनीतून पुरवठा त्या प्रमाणात वाढू शकत नाही. स्नायू ऑक्सिजनविना ओढाताण करतो आणि दुखू लागतो. थांबले की गरज कमी होते, दुखणेही ओसरते.

दुखण्याच्या जागेवरून अडथळा कुठे आहे याचा अंदाज येतो. पोटरी दुखत असेल तर बहुधा मांडीतील किंवा गुडघ्यामागील धमनीत अडथळा असतो. नितंब आणि मांडी दुखत असेल तर तो आणखी वर, पोटातून येणाऱ्या मोठ्या धमनीत किंवा तिच्या फाट्यांत असू शकतो. मधुमेहींमध्ये गुडघ्याखालच्या बारीक धमन्या जास्त बाधित होतात.

गुडघा, कंबर की रक्तवाहिनी?

पाय दुखण्याची कारणे अनेक आहेत आणि गोंधळ इथेच होतो. गुडघ्याच्या झिजेत दुखणे सांध्यात असते, जिना उतरताना किंवा बसून उठताना जास्त होते, आणि थांबल्यावर लगेच जातेच असे नाही. कमरेच्या मणक्यातील नस दबली असेल तर चालताना पाय दुखतात, पण नुसते उभे राहून आराम पडत नाही. बसावे किंवा पुढे वाकावे लागते. अशा व्यक्तीला सायकल चालवताना त्रास कमी होतो, कारण तेव्हा कंबर वाकलेली असते. फुगलेल्या नसांच्या, म्हणजे व्हेरिकोज व्हेन्सच्या आजारात दिवसभर उभे राहिल्यावर संध्याकाळी पाय जड होतात आणि पाय उंचावर ठेवले की बरे वाटते. रात्री अंथरुणात अचानक पोटरीत येणारा गोळा हेही सहसा पीएडीचे लक्षण नसते.

रक्तवाहिनीच्या दुखण्याची खूण म्हणजे त्याचा नेमकेपणा. ठरावीक अंतरावर सुरू होते, नुसते उभे राहिल्यावर साधारण दहा मिनिटांच्या आत थांबते, आणि चढावर किंवा वेगाने चालल्यास लवकर येते. सोबत पाय थंड पडणे, पायावरचे केस गळणे, नखे जाड होणे, छोटी जखम लवकर न भरणे ही चिन्हे असतील तर संशय बळावतो.

तपासणी कशी होते?

पहिली तपासणी सोपी आणि वेदनारहित आहे. दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजतात आणि घोट्याच्या वरच्या रक्तदाबाला दंडाच्या वरच्या रक्तदाबाने भागतात. या गुणोत्तराला ‘अँकल-ब्रेकियल इंडेक्स’ किंवा एबीआय म्हणतात. ते १.०० ते १.४० असेल तर सामान्य, ०.९१ ते ०.९९ सीमारेषेवर आणि ०.९० किंवा त्याहून कमी असेल तर पीएडी असल्याचे धरले जाते.

यात एक मेख आहे. दीर्घकाळचा मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांच्या धमन्या कॅल्शियममुळे इतक्या कडक होतात की पट्ट्याने दबत नाहीत. मग आकडा १.४० च्या वर जातो आणि आजार असूनही तो दिसत नाही. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजला जातो. बसलेले असताना आकडा ठीक, पण लक्षणे मात्र तंतोतंत, असे असेल तर चालायला लावून पुन्हा मोजतात. डॉप्लर सोनोग्राफीने अडथळ्याची जागा कळते. सीटी अँजिओग्राफी सहसा शस्त्रक्रिया किंवा स्टेंटचा विचार असेल तेव्हाच लागते.

दुर्लक्ष केले तर काय?

‘आता पाय कापावा लागणार’ ही भीती निदान होताच घरात शिरते. प्रत्यक्षात फक्त चालताना दुखणाऱ्यांपैकी बहुसंख्यांचे पाय पाच वर्षांनंतरही साधारण त्याच स्थितीत असतात. पाय धोक्यात येण्याची वेळ एक ते दोन टक्क्यांवर येते. मधुमेह असेल आणि तंबाखू सुरूच राहिली तर हा धोका बराच वाढतो.

खरा धोका पायापेक्षा वर आहे. पायाची धमनी अरुंद असेल तर हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्याही बहुधा त्याच वाटेवर असतात. पाच वर्षांत अशा सुमारे २० टक्के रुग्णांना जीवघेणा न ठरलेला हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होतो आणि १० ते १५ टक्के रुग्ण दगावतात, असे जुन्या पाहण्यांमधून दिसले आहे. म्हणून पोटरीचे हे दुखणे म्हणजे हृदयाने पायामार्फत पाठवलेला इशारा समजावा.

दुसरे नुकसान हळूहळू होते. दुखते म्हणून माणूस चालणे कमी करतो. बाजारात जाणे सुटते, मग देवळात जाणे, मग जिना. स्नायू बारीक होतात, वजन आणि साखर वाढते, आणि पूर्वी तीनशे मीटरवर येणारे दुखणे दीडशे मीटरवर येऊ लागते. हे चक्र तोडण्याचे काम व्यायाम करतो.

चालण्याचा उपचार आला कुठून?

कल्पना नवी नाही. जर्मन मज्जाविकारतज्ज्ञ विल्हेल्म एर्ब यांनी १८९८ मध्येच अशा रुग्णांना चालण्याचा व्यायाम सुचवला होता. पण रक्तपुरवठा कमी असलेल्या पायाला विश्रांती द्यावी, हेच मत बराच काळ प्रचलित राहिले. १९६६ मध्ये डेन्मार्कचे लार्सन आणि लासेन यांनी ‘द लॅन्सेट’मध्ये अवघ्या १४ रुग्णांचा एक अभ्यास मांडला. रोज चालण्याचा व्यायाम करणाऱ्यांचे चालण्याचे सामर्थ्य स्पष्टपणे वाढले होते. संख्या लहान होती, पण चिठ्ठ्या टाकून गट पाडण्याची शास्त्रीय पद्धत तिथे वापरली गेली आणि पुढच्या संशोधनाचा रस्ता खुला झाला.

पुरावा किती भक्कम?

१९९५ मध्ये गार्डनर आणि पोलमन यांनी २१ अभ्यास एकत्र करून पाहिले. व्यायामानंतर दुखणे सुरू होईपर्यंतचे सरासरी अंतर सुमारे १२६ मीटरवरून ३५१ मीटरपर्यंत गेले, तर दुखण्यामुळे थांबावेच लागेपर्यंतचे अंतर सुमारे ३२६ वरून ७२३ मीटर झाले. कोणता व्यायाम जास्त उपयोगी, याचेही उत्तर मिळाले : आठवड्यातून किमान तीनदा, प्रत्येक वेळी ३० मिनिटांहून अधिक, जवळजवळ कमाल दुखेपर्यंत चालणे, आणि सहा महिने सातत्य.

पुढच्या काळात हे आकडे थोडे खाली आले, पण दिशा तीच राहिली. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात ३२ अभ्यासांतील १,८३५ रुग्णांची माहिती होती. व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत व्यायाम करणारे न दुखता सरासरी ८२ मीटर आणि एकूण १२० मीटर जास्त चालू शकत होते. १२० मीटर कागदावर लहान दिसतात. पण घरापासून बसथांबा किंवा किराणा दुकान तेवढ्याच अंतरावर असेल, तर दुसऱ्यावर अवलंबून राहणे आणि स्वतः जाऊन येणे यातला तो फरक असतो.

ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१२ मध्ये आठवड्याला दोन तास, तीन महिने देखरेखीखालील व्यायामाची शिफारस केली. अमेरिकेत २०१७ पासून ज्येष्ठांच्या सरकारी विमा योजनेत, मेडिकेअरमध्ये, १२ आठवड्यांत ३६ सत्रांचा खर्च मिळू लागला. अमेरिकेतील हृदयरोगविषयक संघटनांच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये देखरेखीखालील आणि घरच्या पद्धतशीर व्यायामाला सर्वोच्च श्रेणीची शिफारस आहे.

व्यायाम नेमका कसा?

इथे ‘रोज फिरायला जा’ एवढे सांगून भागत नाही. सकाळच्या रमतगमत फेरीत आणि या व्यायामात फरक आहे. पद्धत अशी असते :

चालणे, थांबणे, पुन्हा चालणे. सपाट जागेवर असा वेग धरायचा की तीन ते पाच मिनिटांत दुखणे सुरू होईल. ट्रेडमिलवर सुरुवात साधारण ताशी ३ किलोमीटरने होते. दुखणे सुरू होताच थांबायचे नाही. मध्यम तीव्रतेचे होईपर्यंत चालत राहायचे. मग थांबायचे किंवा बसायचे. पूर्ण ओसरले की पुन्हा निघायचे.

दुखण्याला गुण द्यायचे. १ म्हणजे दुखत नाही, २ म्हणजे सुरुवात, ३ सौम्य, ४ मध्यम, ५ असह्य. थांबण्याची वेळ ४ वर. २ वर थांबले तर फायदा कमी, ५ पर्यंत ताणले तर दुसऱ्या दिवशी चालण्याची इच्छाच राहत नाही.

वेळ हळूहळू वाढवायची. थांबण्याचा वेळ धरून सुरुवातीचे सत्र साधारण ३५ मिनिटांचे ठेवतात आणि ते टप्प्याटप्प्याने ५० मिनिटांपर्यंत नेतात. ज्यांना तेवढेही जमत नाही, त्यांनी १५-२० मिनिटांपासून सुरुवात केली तरी चालते. आधी आणि नंतर पाच-पाच मिनिटे सावकाश चालावे.

आठवड्यातून किमान तीन दिवस, किमान १२ आठवडे. फरक सहसा चार ते आठ आठवड्यांत जाणवू लागतो. पहिल्या पंधरवड्यात काहीच बदलले नाही म्हणून सोडणे ही सर्वांत जास्त दिसणारी चूक.

सोपे झाले की अवघड करायचे. एका दमात आठ-दहा मिनिटे चालता येऊ लागले की वेग किंवा थोडा चढ वाढवायचा. नाहीतर प्रगती तिथेच थांबते.

बाराव्या आठवड्यानंतरही चालणे सोडले की मिळवलेले अंतर हळूहळू हातचे जाते. गोळीसारखाच हाही सुरू ठेवण्याचा उपचार आहे.

घरच्या घरी चालून उपयोग होतो?

होतो, पण अटींसह, आणि या अटी अभ्यासांतूनच पुढे आल्या आहेत. अमेरिकेतील डॉ. मेरी मॅक्डरमॉट आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या अभ्यासात १९४ रुग्ण होते. आठवड्यातून एकदा गटाने भेटून उद्दिष्ट ठरवणारे आणि बाकी दिवस घराजवळ चालणारे रुग्ण सहा मिनिटांत सरासरी ३५७ ऐवजी ४०० मीटर चालू लागले. ज्यांना फक्त आरोग्यविषयक व्याख्याने मिळाली, त्यांचे अंतर थोडे घटले.

याउलट २०१८ च्या अभ्यासात रुग्णांना मनगटी उपकरण आणि फोनवरून सल्ला दिला गेला. नऊ महिन्यांनंतर नेहमीच्या उपचारांपेक्षा काही फायदा दिसला नाही. म्हणजे केवळ पावले मोजणारे घड्याळ बांधून काम होत नाही.

तिसरा प्रश्न होता : दुखेपर्यंत चालणे खरेच गरजेचे आहे का? ३०५ रुग्णांच्या २०२१ च्या अभ्यासाने त्याचे उत्तर दिले. एका गटाला आरामात, न दुखता चालायला सांगितले. दुसऱ्याला दुखेल इतक्या जोरात. वर्षअखेर जोरात चालणाऱ्यांचे सहा मिनिटांतील अंतर सुमारे ३४ मीटरने वाढले. आरामात चालणाऱ्यांचे ६ मीटरने घटले; व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत त्यांना लक्षणीय फायदा झाला नाही. वेळ दोघांनीही दिला होता.

सोसायटीचे आवार, गच्ची, बागेतील ट्रॅक, शाळेचे मैदान, पावसाळ्यात इमारतीचा लांब व्हरांडा, यापैकी काहीही चालेल. जागा सपाट आणि मधूनमधून बसायची सोय असलेली हवी. अंतर विजेच्या खांबांवरून मोजले तरी पुरे. तारीख, किती खांब, किती वेळा थांबलो, एवढे वहीत लिहून ठेवले की महिन्याभराने प्रगती दिसते आणि डॉक्टरांनाही दाखवता येते. सोबत कोणी असेल तर सातत्य टिकते. मात्र सोबत्याने ‘दुखतंय ना, मग बसा’ म्हणून लवकर थांबवू नये.

चालणे शक्यच नसेल, गुडघे फार दुखत असतील, तर हातांनी फिरवायची सायकल हा पर्याय आहे. हातांच्या अशा व्यायामानेही चालण्याचे अंतर वाढल्याचे अभ्यासांत दिसले आहे.

पायाच्या आत काय बदलते?

एक गोष्ट चकित करणारी आहे. चालण्याचे अंतर वाढले तरी एबीआय जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणजे अरुंद झालेली धमनी व्यायामाने उघडत नाही. मग फरक पडतो कशाने?

व्यायामाने रक्तवाहिन्यांचे अस्तर सुधारते आणि गरजेच्या वेळी वाहिन्या जास्त रुंदावतात. स्नायूंमध्ये केशवाहिन्यांचे जाळे वाढते, पेशींमधील ऊर्जा तयार करणारी यंत्रणा मिळालेल्या ऑक्सिजनचा जास्त चांगला वापर करू लागते. चालण्याची ढबही सुधारते, त्यामुळे तेवढ्याच अंतराला कमी ऊर्जा लागते. अडथळ्याला वळसा घालणाऱ्या छोट्या वाहिन्या वाढण्याचाही वाटा असू शकतो, पण सारे श्रेय त्यांना देता येत नाही. पाण्याच्या पाइपच्या भाषेत सांगायचे तर मुख्य पाइप तसाच राहतो. पण वरच्या मजल्यावरचे घर आहे त्या पाण्यात नीट भागवायला शिकते.

दुखणे म्हणजे स्नायू कायमचा खराब होतोय, ही भीतीही त्यामुळेच अनाठायी आहे. निदान झालेल्या आणि डॉक्टरांनी परवानगी दिलेल्या रुग्णात चालल्याने येणारे आणि थांबल्यावर जाणारे दुखणे पायाला इजा करत नाही.

मग स्टेंट कशासाठी?

अँजिओप्लास्टी, स्टेंट आणि बायपास यांची जागा आहेच. पण केवळ चालताना दुखते म्हणून थेट तिकडे जाण्याआधी व्यायाम आणि औषधांना संधी द्यावी, असा सूर आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्लेव्हर’ अभ्यासात पोटाजवळील मोठ्या धमनीत अडथळा असलेले १११ रुग्ण होते. सहा महिन्यांनंतर ट्रेडमिलवर चालण्याचा कमाल वेळ देखरेखीखाली व्यायाम केलेल्यांत ५.८ मिनिटांनी, स्टेंट बसवलेल्यांत ३.७ मिनिटांनी आणि फक्त औषधे घेतलेल्यांत १.२ मिनिटांनी वाढला. मात्र दैनंदिन जीवन किती सुधारले असे विचारल्यावर स्टेंट गटाची उत्तरे अधिक चांगली होती. त्यामुळे एकच उपचार सर्वांसाठी सरस, असे म्हणता येत नाही.

नेदरलँड्समधील २१२ रुग्णांच्या २०१५ मधील ‘इरेज’ अभ्यासाने दोन्ही एकत्र करून पाहिले. वर्षभरानंतर केवळ व्यायाम करणारे २८५ मीटरवरून १,२४० मीटरपर्यंत, तर अँजिओप्लास्टीसह व्यायाम करणारे २६४ वरून १,५०१ मीटरपर्यंत पोहोचले. अर्थ दोन्ही बाजूंनी घ्यावा लागतो : एकत्रित उपचार पुढे आहेत, पण निव्वळ व्यायामानेही अंतर चौपटीहून अधिक झाले. आणि स्टेंट बसवला म्हणून व्यायामातून सुटका नाही.

विश्रांतीतही पाय दुखत असेल, जखम चिघळत असेल, बोट काळे पडत असेल, तर मात्र गणित पूर्ण बदलते. तिथे व्यायामाची वाट पाहणे म्हणजे पाय गमावण्याचा धोका पत्करणे. रक्तपुरवठा पूर्ववत करणे हेच पहिले काम असते.

कोणी चालायला सुरुवात करू नये?

बसल्या जागी किंवा रात्री अंथरुणात पाऊल दुखणारे, पाय लटकवल्यावरच आराम पडणारे, पायावर न भरणारी जखम असणारे, छातीत दुखणारे किंवा नुकताच हृदयविकाराचा झटका आलेले, यांनी आधी डॉक्टरांना भेटावे. हृदयाच्या धमन्यांतही अडथळे असण्याची शक्यता असल्याने व्यायाम सुरू करण्यापूर्वी सर्वांचीच किमान ईसीजी आणि प्राथमिक तपासणी झालेली बरी. चालताना छातीत दडपण, धाप किंवा चक्कर आली तर लगेच थांबावे.

पाय अचानक थंड, पांढराफटक आणि बधिर झाला, खूप दुखू लागला किंवा हलेनासा झाला, तर ती आणीबाणी आहे. धमनी अचानक बंद झाल्याची ती खूण असते आणि पाय वाचवण्यासाठी हाती काही तासच असतात. अशा वेळी शेक, मालिश, घरगुती उपाय यांत वेळ घालवू नये.

मधुमेहींनी आणखी काळजी घ्यावी. पायाची संवेदना कमी झालेली असते, त्यामुळे चपलेतला खडाही कळत नाही. बोटांना मोकळे ठेवणारे बूट आणि सुती मोजे घालावेत, घालण्यापूर्वी बूट झटकून आत हात फिरवून पाहावे, परतल्यावर तळवे आणि बोटांमधील जागा तपासावी. नवस, नवरात्र किंवा वारीत अनवाणी चालणे या रुग्णांना महागात पडू शकते. गरम पाण्याची पिशवी आणि शेकोटी यांपासूनही दूर राहावे. भाजल्याचे कळत नाही आणि ती जखम भरत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे.

औषधे आणि तंबाखू

व्यायाम एकट्याने लढत नाही. रक्ताच्या गुठळ्या टाळण्यासाठी ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेलसारखी गोळी, कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन, रक्तदाब आणि साखरेवर नियंत्रण हे उपचार हृदय आणि मेंदू वाचवतात. दुखणे थांबले म्हणून ते स्वतःहून बंद करू नयेत. सिलोस्टॅझॉल नावाचे औषध चालण्याचे अंतर वाढवते, पण हार्ट फेल्युअर असलेल्यांना ते देत नाहीत. त्यामुळे शेजाऱ्याची गोळी मागून घेण्याचा हा विषय नाही.

तंबाखूबाबत मधला मार्ग नाही. ‘आता दिवसाला दोनच ओढतो’ हे पायाच्या धमनीला पटत नाही. धूम्रपान सुरू ठेवणाऱ्यांमध्ये पाय कापावा लागण्याचे आणि बायपास बंद पडण्याचे प्रमाण जास्त असते. एका बाजूने रोज ५० मिनिटे चालायचे आणि दुसऱ्या बाजूने विडी पेटवायची, तर चालण्याची बरीचशी कमाई धुरात जाते.

अडचण कुठे आहे?

नेदरलँड्सने २०११ पासून खास प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टचे देशव्यापी जाळे उभारले. २०१७ पासून तिथल्या मूळ आरोग्य विम्यातच अशा व्यायामाच्या ३७ सत्रांचा खर्च दिला जातो. आपल्याकडे विम्याची रचना मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याशी बांधलेली आहे. स्टेंट बसवला तर दावा मंजूर होऊ शकतो. तीन महिने फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली चालण्याचे बिल मात्र बहुतेकांना खिशातूनच भरावे लागते. स्वस्त आणि सुरक्षित उपचार असूनही तो कागदावर ‘रोज चाला’ या दोन शब्दांत उरकला जातो, याचे हे एक कारण.

त्यामुळे रुग्णाने डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारणे महत्त्वाचे ठरते. माझा एबीआय किती? हृदयाची तपासणी झाली आहे का? किती दुखेपर्यंत चालू, आठवड्यातून किती दिवस, आणि पुन्हा कधी दाखवू? जवळ फिजिओथेरपिस्ट किंवा हृदयरुग्णांसाठीचे पुनर्वसन केंद्र असेल तर पहिली काही सत्रे तिथे करून पद्धत शिकून घेता येते आणि पुढचे चालणे घराजवळ सुरू ठेवता येते. या आजारात बसून राहणे सुरक्षित वाटते, पण त्याची किंमत पायालाही मोजावी लागते आणि हृदयालाही.